बोटीवर, हजला, शिकायला की बालीला? मोठ्या माणसांच्या लसींचा गोंधळ

कंपनीकडून जॉइनिंगचा मेल येतो, पुढच्या शुक्रवारचं फ्लाइट, जहाज अंगोलाच्या लुआंडा बंदरात पकडायचं. घरात धावपळ सुरू. मेडिकल झालं, सीडीसी म्हणजे खलाशाचं पुस्तक आहे, व्हिसाचं पण जमलं, आणि मग एजंट अगदी सहज विचारतो, "यलो फीवर केलंय ना?" नाही केलं तर काय झालं, उद्या जाऊन टोचून येतो, असं आपल्याला वाटतं. पण टोचलं उद्या तरी सर्टिफिकेट लागू होतं दहा दिवसांनी. आणि फ्लाइट शुक्रवारी.

गोव्यात हा किस्सा थोडाफार फरकाने बऱ्याच घरांत झालेला असतो. इथे दर वाड्यावर एखादा बोटीवर, एखादा गल्फमध्ये, एखादी नर्स आयर्लंडला, आणि आता पोरं शिकायला अमेरिका-कॅनडाला. तरी मोठ्या माणसांच्या लसी म्हटलं की सगळ्यांच्या डोक्यात गोंधळ. कुठली सक्तीची, कुठली डॉक्टर उगाच सांगतो, कुठली लहानपणी झाली म्हणून सोडायची, काही कळत नाही. म्हणून जरा नीट बसून बघूया.

सुरुवातीलाच एक गोष्ट वेगळी काढून ठेवतो, म्हणजे पुढचं सोपं जाईल. लसींच्या याद्या दोन असतात. एक यादी सरकार किंवा कॉलेज मागतं ती, त्याशिवाय आत सोडत नाहीत. दुसरी यादी कोणीच मागत नाही, पण आजारी पडायचा खरा चान्स बहुतेक वेळा त्या दुसऱ्या यादीतल्या आजारांचाच असतो. आपण पहिली कशीबशी पूर्ण करतो आणि दुसरी बघतच नाही.

मोठ्या माणसाला लस कशाला, लहानपणी झाल्या ना सगळ्या?

झाल्या, पण सगळ्या नाही. आणि ज्या झाल्या त्यातल्या काही जन्मभर पुरत नाहीत.

लस म्हणजे शरीराला आजाराची आधीच करून दिलेली ओळख. खरा जंतू आला की शरीर त्याला ओळखतं आणि अँटीबॉडी, म्हणजे त्या जंतूला चिकटून त्याला निकामी करणारी प्रथिनं, पटापट तयार करतं. गोवराची ही ओळख साधारण जन्मभर राहते. धनुर्वात आणि घटसर्पाची मात्र हळूहळू पुसट होत जाते, म्हणून दर दहा वर्षांनी टीडी नावाचा एक डोस घ्यायला सांगतात. पूर्वी आपण लोखंड लागलं की टीटी घ्यायला धावायचो, आता त्या टीटीच्या जागी ही टीडी आली, त्यात घटसर्पाचा भाग पण आहे. आणि हो, लहानपणीचे डोस पूर्ण असतील आणि शेवटचा डोस अलीकडचा असेल तर दर खरचटण्याला इंजेक्शन लागत नाही, पण आपल्याकडे ते घेतल्याशिवाय काही माणसांना झोप येत नाही, तो वेगळा विषय.

दुसरं म्हणजे आपल्या लहानपणी काही लसी नव्हत्याच. आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या बहुतेकांना हिपॅटायटिस बी म्हणजे रक्तातून पसरणाऱ्या काविळीची लस लहानपणी मिळालेली नाही, कारण सरकारी कार्यक्रमात ती नंतर आली. आणि तिसरं, वय वाढलं की शरीराची लढायची ताकदच कमी होते, त्यामुळे फ्लू आणि न्यूमोनिया म्हाताऱ्या माणसाला जास्त आडवं पाडतात.

यलो फीवरची पिवळी पुस्तिका: एवढी कडक का?

पहिल्या यादीत सगळ्यात कडक हीच. यलो फीवर हा आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतल्या काही देशांत असलेला विषाणूचा ताप, डासातून पसरतो, आणि गंभीर झाला तर लिव्हर जातं, रक्तस्राव होतो. त्यावर नेमकं औषध नाही. भारतात हा आजार नाही. मग आपलं सरकार इतकं मागे का लागतं?

कारण डास आपल्याकडे आहे. एडिस इजिप्ती, तोच जो पावसाळ्यात डेंग्यू देतो, कुंडीच्या ताटलीत आणि टाकून दिलेल्या टायरात वाढतो. म्हणजे पसरवणारा हजर, लस न घेतलेली कोट्यवधी माणसं हजर, फक्त विषाणू तेवढा नाही. एक आजारी माणूस विमानातून उतरला आणि त्याला पणजीत किंवा मडगावात डास चावला तर पुढे काय होऊ शकतं याचा विचार करा. म्हणून त्या देशांतून येणाऱ्याकडे सर्टिफिकेट नसेल तर त्याला सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवता येतं. सहाच का, तर विषाणू अंगात शिरल्यापासून ताप यायला साधारण तीन ते सहा दिवस लागतात.

इथेच बहुतेकांची गफलत होते. लोकांना वाटतं सर्टिफिकेट जाताना लागतं. अंगोला, घाना असे देश येणाऱ्या सगळ्यांकडे मागतात हे खरं, पण काही देश भारतातून येणाऱ्याला काहीच विचारत नाहीत, आणि माणूस महिनाभर मजेत राहून परत येतो तेव्हा त्याला अडवतं ते आपलंच विमानतळ. म्हणून "तिथे लागत नाही, मित्राने सांगितलं" यावर विसंबू नका. जिथे जाताय तो देश काय मागतो आणि परत येताना भारत काय मागतो, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

ही लस कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही, केंद्र सरकारने नेमलेल्या केंद्रांवरच मिळते. गोव्यात त्यासाठी वर्षानुवर्षं लोक वास्कोच्या बाजूला मुरगावच्या पोर्ट हेल्थ ऑफिसला जातात. केंद्रांची यादी बदलत असते, तेव्हा जाण्याआधी आरोग्य मंत्रालयाची ताजी यादी बघा आणि फोन करून अपॉइंटमेंट घ्या, कारण रोज टोचत नाहीत. लोक यावर चिडतात, पण कारण साधं आहे. लस कुपीत सुक्या पावडरीसारखी असते, त्यात पाणी मिसळून ती पातळ करतात, एका कुपीत अनेक माणसांचे डोस असतात, आणि एकदा मिसळली की काही तासांत संपवावी लागते, उरलेली फेकून द्यावी लागते. एका माणसासाठी कुपी फोडणं परवडत नाही, म्हणून ठरलेल्या दिवशी सगळ्यांना एकदम बोलावतात. पासपोर्ट बरोबर न्यायचा. टोचल्यावर अर्धा तास तिथेच बाकावर बसवून ठेवतात, कोणाला रिअॅक्शन आली तर हाताशी असावा म्हणून. मग ती पिवळी पुस्तिका मिळते, त्यात तारीख, बॅच नंबर, सही आणि शिक्का. निघण्याआधी तिथेच उभं राहून पासपोर्टवरचं नाव आणि पुस्तिकेतलं नाव अक्षर न अक्षर जुळतंय का बघा. आपल्याकडे फर्नांडिस आणि नाईक किती तऱ्हांनी लिहितात हे सांगायला नको.

हज-उमराला जाणाऱ्यांचं वेगळं

सौदीला हज किंवा उमराला जाताना मेंदूज्वराची, म्हणजे मेनिंगोकॉकल नावाच्या जिवाणूविरुद्धची लस लागते. चार प्रकारांवर चालणारी, एसीवायडब्ल्यू म्हणतात तिला, आणि पोचायच्या किमान दहा दिवस आधी घेतलेली असावी लागते. लाखो माणसं खांद्याला खांदा लावून असतात, तिथे हा जिवाणू पूर्वी पसरलेला आहे, म्हणून ही अट. हज कमिटीतर्फे जाणाऱ्यांना ती मिळते, पोलिओचे थेंब पण देतात. उमराला स्वतःच्या टूरने जाणाऱ्यांना मात्र स्वतः बघावं लागतं, आणि धावपळ होते ती त्यांचीच.

शिकायला जाणारी पोरं आणि तो एमएमआर

अमेरिकेतलं कॉलेज अॅडमिशन झाल्यावर एक फॉर्म पाठवतं, त्यात एमएमआरचे दोन डोस, हिपॅटायटिस बी, कांजिण्या, टीडॅप (टीडीच, पण डांग्या खोकल्यासकट), मेनिंगोकॉकल असं बरंच काही असतं. आई जुनं कार्ड शोधून काढते आणि म्हणते, सगळं झालंय, हे बघ. पण कॉलेज म्हणतं, पुरेसं नाही.

भानगड अशी आहे की एमएमआरमध्ये गोवर, गालगुंड आणि रुबेला असे तीन आजार येतात. आपल्या सरकारी कार्यक्रमात आधी फक्त गोवराची लस होती आणि नंतर आली ती एमआर, म्हणजे गोवर आणि रुबेला. गालगुंड त्यात नाही. आठवत असेल तर 2017 च्या फेब्रुवारीत गोव्यात शाळाशाळांतून मोठी मोहीम झाली होती, देशात अगदी पहिल्या टप्प्यात ज्या मोजक्या राज्यांत झाली त्यात गोवा होतं, पंधरा वर्षांखालच्या सगळ्यांना टोचलं. आज कॉलेजला जाणारी बरीच पोरं तीच. त्यांनी घेतलेली लस चांगलीच आहे, त्यात काही खोट नाही, फक्त अमेरिकन फॉर्मच्या रकान्यात ती बसत नाही. मग एमएमआर घ्यावी लागते, दोन डोस लागले तर मध्ये किमान 28 दिवस सोडून. ज्यांनी खासगी डॉक्टरकडे लहानपणी एमएमआर घेतली असेल त्यांनी तेवढं कार्ड सापडवा, काम झालं.

आणि ही नुसती कागदी कटकट समजू नका. 2025 साली टेक्सासमध्ये गोवराची मोठी साथ आली, लस न घेतलेली मुलं दगावली. गोवर इतका चिकट आजार आहे की हॉस्टेलच्या एका खोलीतून पूर्ण मजल्यावर जायला त्याला वेळ लागत नाही.

त्याच फॉर्ममध्ये टीबीची टेस्ट असते. आपल्याला जन्मल्यावर बीसीजी, म्हणजे टीबीचीच लस, दिलेली असते, त्यामुळे हातावर टोचून करायची जुनी टेस्ट टीबी नसताना पण पॉझिटिव्ह येऊ शकते आणि घरात रडारड होते. रक्ताची आयजीआरए टेस्ट बीसीजीमुळे फसत नाही, कॉलेज चालवून घेत असेल तर तीच करा.

आता जी कोणी मागत नाही ती यादी

इमिग्रेशनवाला तुम्हाला कधी विचारणार नाही की रेबीजची लस घेतली का. पण गोव्यातून बालीला फिरायला जाणारे कमी नाहीत, आणि बालीत 2008 पासून रेबीज आहे. गोव्याला 2021 मध्ये रेबीज नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर केलं, कुत्र्यांना वर्षानुवर्षं गल्लोगल्ली पकडून टोचल्याचं ते फळ, त्यामुळे आपली भीड चेपलीय. बीचवरच्या कुत्र्याला आपण बिस्किट घालतो आणि तिथे गेल्यावर पण हात तसाच पुढे जातो. बालीच्या देवळांतली माकडं तर हातातला चष्मा ओढून घेतात आणि वर ओरबाडतात. रेबीजची लक्षणं एकदा सुरू झाली की माणूस जवळपास कधीच वाचत नाही, म्हणून चावा किंवा ओरखडा झाला तर साबण लावून पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुवायचं आणि त्याच दिवशी लस सुरू करायची, टूर संपायची वाट बघायची नाही. कातडी फुटून रक्त आलं असेल तर लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार अँटीबॉडी, जखमेतच द्यावी लागते, आणि परदेशात लहान बेटावर ती मिळणं कठीण. जाण्याआधीच रेबीजची लस घेतलेल्या माणसाला मग ती लागत नाही, दोन डोसांत भागतं. बरेच दिवस राहणार असाल किंवा जनावरांशी काम असेल तर आधी घेण्यात शहाणपणा आहे. चार दिवसांच्या रिसॉर्टच्या ट्रिपसाठी मी तरी कोणाच्या मागे लागणार नाही. आणि गोव्यातच कुत्रा चावला तरी डॉक्टरकडे जायचंच, नियंत्रित म्हणजे शून्य धोका असा अर्थ घ्यायचा नाही.

टायफॉइडची गंमत उलटी आहे. इथून बाहेर जाणाऱ्यापेक्षा बाहेरून इथे येणाऱ्याला ती जास्त लागू. इंग्लंडमधल्या स्विंडनला राहणारे आपलेच लोक मे महिन्यात घरी येतात, पोरांना घेऊन, आणि आल्याबरोबर फेस्ताला, जत्रेला, गाड्यावर रस ऑम्लेट. ब्रिटनमध्ये टायफॉइडच्या ज्या केसेस सापडतात त्यातल्या बऱ्याचशा भारत-पाकिस्तानात नातेवाइकांकडे जाऊन आलेल्यांच्या असतात. हॉटेलात राहणारा गोरा टुरिस्ट बाटलीचं पाणी पितो, आपला माणूस मावशीच्या विहिरीचं पितो, कारण ते आपलंच. तिकडेच जन्मलेल्या पोरांना तर टायफॉइड आणि हिपॅटायटिस ए, म्हणजे पाण्यातून होणारी कावीळ, दोन्हीच्या लसी देऊन आणा. आपल्यासारख्यांना ती कावीळ बहुतेक वेळा लहानपणी नकळत होऊन गेलेली असते, त्या पोरांनी ती कधी बघितलेलीच नसते.

हिपॅटायटिस बी सगळ्या मोठ्यांनीच घ्यावी अशी आहे, आणि नर्सिंग, लॅब, सलून, जहाजावरचं मेडिकल अशा कामाला जाणाऱ्यांनी तर नक्कीच. तीन डोस, शून्य, एक आणि सहा महिने.

साठी ओलांडलेल्यांसाठी, किंवा त्याआधीच डायबेटिस, दमा, हार्टचा त्रास असणाऱ्यांसाठी, दरवर्षी फ्लूची आणि डॉक्टरला विचारून न्यूमोकॉकल, म्हणजे न्यूमोनियाची. फ्लूची लस आपल्याकडे पावसाळ्याआधी घेतलेली बरी. नागिणीची लस पन्नाशीनंतर, दोन डोस, महाग आहे हे खरं, पण ज्याने नागीण झालेली बघितलीय, महिनोन्‌महिने शर्ट लागला तरी आग होणारं अंग बघितलंय, तो किंमत ऐकून एकदम नाही म्हणणार नाही.

मलेरियासाठी प्रवाशांना लस नाही. पुण्यात बनणारी जी नवीन लस बातम्यांत येते ती आफ्रिकेतल्या लहान मुलांसाठी आहे. तुम्हाला गोळ्या घ्याव्या लागतात, जाण्याआधीपासून परत आल्यावरही काही काळ, आणि सगळे त्या मध्येच सोडतात.

किती आधी सुरुवात करायची?

पुरुमेंतासारखं धरा. सुके बांगडे, सोलं, मिरच्या आपण मे महिन्यात भरतो, पहिला पाऊस कोसळल्यावर बाजारात धावत नाही. लसीचं पण तेच, कारण टोचल्यावर शरीराला तयारीला वेळ लागतो, आणि काही लसींना दोन-तीन डोस लागतात ज्यांच्यात अंतर हवं.

त्यात अजून एक गाठ आहे. यलो फीवर, एमएमआर, कांजिण्या या जिवंत लसी, म्हणजे विषाणू जिवंत पण कमजोर केलेला. अशा दोन लसी एकतर एकाच दिवशी घ्यायच्या, नाहीतर मध्ये 28 दिवस सोडायचे. कोणी आज एमएमआर घेतली आणि दहा दिवसांनी यलो फीवरला गेला तर त्याला परत पाठवू शकतात. यलो फीवर आणि एमएमआर तर शक्यतो एका दिवशी पण टाळतात. म्हणून डॉक्टरकडे गेल्या गेल्या पूर्ण कार्यक्रम सांगा, कुठे जाणार, कधी, किती दिवस, काम काय, प्रेग्नन्सी आहे का, स्टिरॉइड चालू आहेत का. दोन-तीन महिने हातात असतील तर सगळं आरामात बसतं. कमी असतील तरी जा, हिपॅटायटिस बी सारखे काही कोर्स घाईचे पण असतात, शून्य, सात आणि एकवीस दिवस, मग वर्षाने एक.

"आपण इथलं पाणी पिऊन वाढलो, आपल्याला काय होतंय?"

पाण्याच्या काही आजारांबाबत यात थोडं तथ्य आहे, ते वर हिपॅटायटिस एमध्ये सांगितलंच. पण यलो फीवरचा विषाणू तुमच्या आज्यानेही बघितलेला नाही. रेबीजला तुमचं पाणी माहीत नाही.

"फ्लूची घेतली तरी सर्दी झालीच"

सर्दी दुसऱ्या डझनभर विषाणूंनी होते, त्यावर ही लस नाही. आणि फ्लू झालाच तर तो हॉस्पिटलपर्यंत जाऊ नये, हे तिचं मुख्य काम. विषाणू रूप बदलत राहतो म्हणून लस पण बदलते, म्हणून दरवर्षी.

"एजंट म्हणतो सर्टिफिकेट करून देतो, टोचायची गरज नाही"

हे ऐकायला मिळतं म्हणून लिहितोय. पकडलं गेलं तर नोकरी जाते, ते एक. पण 2016 मध्ये अंगोलात मोठी साथ आली तेव्हा तिथे काम करणारे काही चिनी कामगार आजार घेऊन चीनला परतले, आणि लसीचा साठा इतका अपुरा पडला की शेजारच्या काँगोत किन्शासा शहरात डोसाचा पाचवा हिस्सा देऊन भागवावं लागलं. खोटा शिक्का डासाला वाचता येत नाही, आणि घरी बायकामुलं आहेत.

"बाबा साठीच्या वर आहेत, त्यांना यलो फीवर द्यायची का?"

हा प्रश्न मात्र खरोखर विचार करण्यासारखा आहे. साठीनंतर पहिल्यांदाच ही लस घेणाऱ्यांत गंभीर दुष्परिणाम तरुणांपेक्षा जास्त दिसतात, तरी दुर्मिळच. अंड्याची गंभीर अॅलर्जी, थायमस ग्रंथीचा आजार, कॅन्सरचे उपचार, कमजोर प्रतिकारशक्ती असेल तर सहसा देत नाहीत. अशा वेळी डॉक्टर सूट असल्याचं पत्र देऊ शकतो, पण समोरचा देश ते मानेलच असं नाही, म्हणून आधी वकिलातीत विचारून घ्या. मुलाला ब्राझीलला भेटायला जायची हौस असेल आणि प्रकृती अशी असेल तर सरळ मुलालाच इकडे बोलवा, माझं तरी मत असंच.

जुनी पुस्तिका आहे, मुदत संपलीय, परत टोचायचं?

नाही. पूर्वी हे सर्टिफिकेट दहा वर्षं चालायचं. 11 जुलै 2016 पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या नियमाने ते जन्मभरासाठी झालं, आणि हे जुन्या पुस्तिकांना पण लागू आहे, वर छापलेली तारीख उलटून गेली असली तरी. पुस्तिका बदलून घ्यायची नाही, आणि आपल्या हाताने त्यात काही खाडाखोड करायची नाही, खाडाखोड दिसली की ती बाद धरतात. शिपिंग कंपनीतला कोणी तरी हुज्जत घालतोच, तेव्हा नियमाची प्रिंट पुस्तिकेत घडी करून ठेवा आणि दोन्हीचे फोटो मोबाइलमध्ये.